आजोबांच्या मागे दिवा

"हे काय, पापड?" मी विचारलं.

शिरूरला दादाच्या हॉलमध्ये (मावसभाऊ, पण लहानपणापासून दादाच) टीपॉयवर एक पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा पडला होता. उन्हात वाळताना कडा वळलेल्या पापडासारखा बाकदार, अंगावर नुसते खड्डे आणि टेंगळं. दादाने उत्तरच दिलं नाही. ट्यूब बंद केली, मोबाइलचा टॉर्च तुकड्यामागे धरला आणि पापडातून आमचे आजोबा बाहेर आले! टोपी, मिशा, कपाळावरची आठीसुद्धा.

आजोबा रेल्वेत गार्ड. सगळी नोकरी दौंडला. १९९१ मध्ये ते गेले, म्हणजे मी त्यांना पाहिलेलंच नाही. त्यांचा धड असा एकच फोटो, दौंडच्या घरात भिंतीवर, हार घातलेला. आजीला काचबिंदू आहे. गेल्या दिवाळीत ती सहज म्हणाली, "त्या फोटोत मला आता ट्यूबलाइटच दिसते गं." काचेवरची चकाकी तेवढी दिसायची, आतला माणूस नाही. मी फोटो मोठा करून नेला. मग मोठी ट्यूबलाइट दिसायला लागली. तेव्हा दादाच्या डोक्यात हा किडा शिरला.

या प्रकाराचं नाव लिथोफेन. अ‍ॅसिडिटीवरची गोळी वाटते ना? फंडा मात्र एकदम सोपा. फोटोत जिथे काळं, तिथे प्लॅस्टिक जाड. जिथे पांढरं, तिथे पातळ. जाड जागी उजेड अडतो, पातळ जागेतून आरपार येतो, झाला फोटो. शाई नाही, रंग नाही. आणि ही आयडिया थ्रीडी प्रिंटरवाल्यांची नाहीच मुळी. पॅरिसच्या बॅरन द बूर्ग्वां यांनी १८२७ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. कारागीर काचेवर मेणाचा थर द्यायचे, मागून उजेड घेत चित्र कोरायचे, त्यावरून साचा काढायचे आणि साच्यातून पातळ पोर्सिलेनचा तुकडा. त्याच्या दिव्याच्या शेड्स व्हायच्या, मेणबत्तीपुढचे पडदे व्हायचे.

मेण कोरायचं काम आता सॉफ्टवेअर करतं. प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा मोजायचा आणि त्याची जाडी करायची. आमच्या तुकड्यात सगळ्यात पातळ जागा ०.८ मिलिमीटर, सगळ्यात जाड ३. मग ही फाइल प्रिंटरला द्यायची. तो गरम सुईतून प्लॅस्टिकचा धागा सोडत थरावर थर चढवतो, चकली पाडल्यासारखा.

पण बाक कशाला? मीही हेच विचारलं. दादा म्हणाला, "तुझं व्हिजिटिंग कार्ड टेबलावर उभं करून दाखव." पडलं. "आता जरा वाकव." उभं राहिलं! छापतानाही नेमकं हेच होतं. लिथोफेन आडवा छापला तर जाडी थराथरानेच वाढते. ०.१२ मिलिमीटरचा थर धरला तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम अठरा पायऱ्या मिळतात, चेहऱ्यावर नकाशासारख्या रेषा उमटतात. म्हणून तो उभा छापायचा. पण उभी पातळ भिंत वर जाईल तशी सुईच्या धक्क्याने डुलायला लागते. बाक दिला की ती आपल्या पायावर उभी राहते. शिवाय मधोमध बल्ब ठेवला की सगळीकडे सारखंच अंतर, म्हणून उजेडही सारखा. आमचा फोटो १५० मिलिमीटर रुंद, बाक १२० अंशांचा, म्हणजे त्रिज्या साधारण ७२. दहावीची भूमिती अशी वसूल होते!

दादाला हे वेड लागलं पाबळमुळे. शिरूर तालुक्यातलं पाबळ म्हटलं की बहुतेकांना मस्तानीची समाधी आठवते. तिथेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. डिझाइन करा आणि तिथेच बनवा, असा तिथला मामला. धागा वितळवून छापायच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं, त्यानंतर हे प्रिंटर हळूहळू घराघरांत यायला लागले. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या दादाच्या बेडरूममध्येही एक आला. वहिनीचं मत वेगळं आहे, ते इथे छापता येणार नाही.

टॉर्चसमोर पाहिलेला तुकडा तिसरा होता, बरं का. पहिल्यात आजोबांचा पांढरा युनिफॉर्म नुसता ट्यूबसारखा पेटला आणि चेहरा कोळसा झाला. जाडी दुप्पट केली की उजेड निम्मा होतो असं नसतं, तो त्याहून झपाट्याने मरतो. म्हणून आधी कोट थोडा करडा करावा लागला आणि चेहरा उजळावा लागला. दुसऱ्याच्या वेळी मध्यरात्री लाइट गेली, आजोबा मिशीपर्यंतच झाले. तिसरा नऊ तासांत नीट निघाला.

आणि तो मी घालवला.

मे महिना, दुपार. न्हावऱ्याहून चौफुल्याला आलो, भूक लागली होती, मिसळ खायला थांबलो. तुकडा डॅशबोर्डवर, काचा बंद. हे प्लॅस्टिक म्हणजे पीएलए, मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. तासाभराने परत आलो तर आजोबा डॅशबोर्डला चिकटून सपाट झालेले. दादा एक शब्द बोलला नाही. मला तेच जास्त लागलं. गाडी वळवली आणि परत शिरूर. चौथा तुकडा पुढच्या रविवारी मी मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळून नेला. (मागे बल्ब लावाल तो एलईडीच. जुना पिवळा बल्ब लावलात तर डॅशबोर्डची गरज नाही.)

दौंडला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मामाने खोलीतली ट्यूब बंद केली, दादाने दिवा लावला. आजीने मान जरा तिरकी केली, ती हल्ली तशीच बघते. बराच वेळ बघत होती.

"फोटोपुढे दिवा लावतात," ती म्हणाली. "तुम्ही मागे लावलात होय रे?"

दादा काही समजावायला जाणार, तेवढ्यात तिने हात पुढे केला. बोटांनी मिशी चाचपली, ती टेंगळासारखी वर आलेली. मग नाक शोधायला लागली. नाक सापडेना. सापडणार कसं? नाकावर उजेड होता, म्हणजे तिथे खड्डा. केस उंच, गाल खोल, सगळा चेहरा उलटा. मला एकदम अपराधी वाटलं. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आजीने हात काढून घेतला. "हाताला ते नाहीत," म्हणाली. "डोळ्यांना आहेत. टोपी जरा तिरपीच असायची, ती आहे."

मग जेवणं झाली. मामीने आमरस केला होता. दहाच्या सुमारास मी अंथरूण घालत होते, तर आजी भिंत धरत धरत आली आणि दिव्याचं बटण चाचपायला लागली. म्हटलं, राहू दे की रात्रभर, एलईडी आहे, बिल येत नाही फारसं.

"बिलाचं नाही गं," ती म्हणाली. "नाइट करून आले की खिडक्या लावून झोपायचे. ह्यांना उजेडात झोप लागत नाही."

आणि तिने बटण बंद केलं.