रुमाल टाकून जागा

पेंढ्याच्या उडवीत हात घालण्याआधी आई अजून काठी आपटते. काळ्या इंगळीचं तिला विशेष नाही, धास्ती लाल विंचवाची. तो चावला की अंगात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहींवर बसतात, वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर रक्तदाबाची गोळी वापरली, प्राझोसिन. १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

मला हे औषध भेटलं मुंबईच्या प्रयोगशाळेत, किरणोत्सारी ट्रिटियम जोडलेलं. अल्फा-१ ग्राही मोजायला ते १९७९ पासून वापरात आहे. पांढऱ्या उंदराचा मेंदू बर्फात वाटायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींची पटलं तळाला बसवायची, औषध घालून नळ्या अर्धा तास पंचवीस अंशांवर ठेवायच्या. मग गाळायचं, आणि सगळा जीव तिथेच. खाली पंपाची ओढ, वर काचतंतूंचा गोल कागद, त्यावर बर्फगार बफर तीनदा, काही सेकंदांत. हात रेंगाळला किंवा बफर कोमट झाला की बसलेलं औषध सुटून वाहून जातं. माझे पहिले आकडे असेच पडले. मॅडमनी विचारलं, "धुतलंस की भिजवलंस?"

कागद द्रवात बुडवून कुपी यंत्रात ठेवली की दर मिनिटाच्या ठिणग्या मोजल्या जातात. पण औषध कागदालाही चिकटतं, चरबीलाही. म्हणून जोडीच्या नळ्यांत फेंटोलामाइन भरपूर ओतायचं. ते ग्राही अडवून बसतं. तरीही जे चिकटलं ते खोटं, ते वजा. औषध वाढवत नेलं की उरलेला आकडा चढतो आणि एका उंचीवर सपाट होतो. ग्राही भरले. निम्मे भरायला किती औषध लागलं, त्यावरून पकड कळते. प्राझोसिनला नॅनोमोलरचा अंश पुरतो. पुस्तकातली कुलूप-किल्ली इथे मला पटत नाही. ही किल्ली सारखी बसते, उठते.

दिवाळीत रोह्याला आईने विचारलं, "म्हणजे गोळी विष बाहेर काढते?"

"नाही गं. विष राहतं. गोळी जागा अडवते."

"पेणच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकतात तसं."

"तसंच. आणि गर्दी फार झाली की रुमाल उचलून बसणारेही असतातच."

"मग?"

"मग दर तीन तासांनी पुन्हा गोळी. हातपाय गरम होईस्तोवर."