मेंदूचा रक्तप्रवाह: अचूक मोजमाप आणि वेळेवरचे मोजमाप

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के असले, तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त त्याला लागते. निरोगी मेंदूत दर 100 ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळते. हा पुरवठा 20 च्या खाली गेला की पेशींचे काम थांबते आणि 10 च्या आसपास उतरला की त्या लवकरच मरू लागतात. या दोन आकड्यांमधला, निकामी झालेला पण जिवंत असलेला भाग वाचवता येतो, आणि म्हणूनच पक्षाघातात रक्तप्रवाह मोजण्याला महत्त्व आहे.

सर्वांत अचूक मानली जाते ती पेट स्कॅनची पद्धत. तीत ऑक्सिजन-15 हे किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले पाणी शिरेतून देतात. मात्र दर दोन मिनिटांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होत असल्याने 20 मिनिटांत तिचा हजारावा हिस्साच उरतो, आणि ते तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णालयातच असावे लागते. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. तिथून टॉवेल-चादरींचे कारखाने असलेली सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी सुमारे 400 किलोमीटर दूर आहे, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत हे द्रव्य उरणारच नाही. याउलट स्पेक्ट या दुसऱ्या पद्धतीतले किरणोत्सारी टेक्नेशियम निम्मे व्हायला सहा तास घेते, शिवाय त्याचे औषध पेशींत शिरून तिथेच अडकत असल्याने चित्र नंतर काढले तरी इंजेक्शनच्या वेळचाच प्रवाह दिसतो. पण त्यातून प्रवाहाचा नेमका आकडा सहसा मिळत नाही, एका भागाची दुसऱ्याशी तुलनाच होते.

एमआरआयच्या एएसएल पद्धतीत, जी 1992 मध्ये प्रथम मांडली गेली, बाहेरचे कोणतेच द्रव्य लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी चुंबकीय खूण केली जाते, सुमारे दोन सेकंदांनी मेंदूचे चित्र घेतले जाते आणि खूण न केलेले चित्र त्यातून वजा केले जाते. हा फरक जेमतेम एक टक्का असल्याने मोजमाप चार-पाच मिनिटे पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. त्यात रुग्ण हलला तर चित्र बिघडते, आणि अरुंद वाहिनीतून रक्त उशिरा पोहोचले तर खूण वाटेतच पुसट होऊन प्रवाह कमी भासतो.

सीटी परफ्युजनमध्ये आयोडीनयुक्त डाय शिरेतून देऊन सुमारे मिनिटभर मेंदूची चित्रे लागोपाठ घेतात. डाय कुठे किती वेळात पोहोचली आणि किती वेळ रेंगाळली, यावरून संगणक प्रवाहाचा नकाशा काढतो: प्रवाह निरोगी बाजूच्या 30 टक्क्यांहून कमी असलेला भाग बहुधा मृत, तर जिथे डाय सहा सेकंदांहून अधिक उशिरा पोहोचते तो धोक्यातला. क्ष-किरणांचा मारा आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना असलेली डायची जोखीम हे तिचे दोष खरे. पण यंत्र सर्वाधिक उपलब्ध आणि तपासणी झटपट. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी अशा नकाशांच्या आधारे निवडलेल्या रुग्णांच्या मेंदूची रक्तवाहिनी अडवणारी गुठळी 16 ते 24 तासांपर्यंतही काढणे फायद्याचे असल्याचे दाखवले.

एकूण पाहता संशोधनासाठी पेट, वारंवार तपासणीसाठी एएसएल आणि तातडीच्या वेळी सीटी अशी वाटणी योग्य ठरते. गुठळी विरघळवणारे औषध मात्र साधारणपणे साडेचार तासांतच द्यावे लागते, आणि त्याआधी रक्तस्राव नाही हे साध्या सीटीने पाहणे पुरेसे असते. म्हणून सोलापूरच्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यात एखाद्या कामगाराचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर सोबत्यांनी तो शेवटचा धडधाकट दिसल्याची वेळ लिहून ठेवावी, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटीची सोय असलेले रुग्णालय गाठावे.