‘आणि’वर पडणारी थाप

एक सोपा खेळ करू. तोंडाने मोजा: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. आता टाळी द्या, पण आकड्यांवर नाही, फक्त ‘आणि’वर. सुरुवातीला हात हट्टाने आकड्याकडेच धावतील. पण एकदा का टाळी ‘आणि’वर बसली, की खांदे हलायला लागतात, गुडघे आपोआप उचलले जातात. खुर्चीत बसून राहणं अवघड होतं.

अभिनंदन! तुम्ही आत्ता स्का वाजवलंत.

स्का नावाच्या संगीताचा सगळा कारभार या ‘आणि’वर चालतो. गिटार आणि पियानो मात्रेवर गप्प राहतात आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत ‘च्यक, च्यक’ करत घुसतात. एवढीशी ही खोडी. पण याच खोडीच्या बळावर पुढे लोकांनी बेकारीबद्दल गायलं, वंशद्वेषाला आव्हान दिलं आणि नेल्सन मंडेलांच्या सुटकेची मागणीही केली. नाचायच्या गाण्यात एवढं राजकारण शिरलं कुठून?

त्यासाठी 1950 च्या दशकातल्या किंग्स्टनला जाऊ. जमैका तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात. वाजवणाऱ्यांचा ताफा बोलावून नाच ठेवणं हे पैसेवाल्यांचं काम. गरीब वस्त्यांनी त्यावर तोड काढली: मोकळं आवार, कपाटाएवढे लाकडी स्पीकर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि स्वस्तातलं तिकीट. याला म्हणायचं साउंड सिस्टिम. आपल्या मिरवणुकांतल्या डीजेच्या भिंतींचे हे थोरले चुलते!

या सिस्टिमवाल्यांमध्ये केवढी चुरस! एकीकडे ड्यूक रीड, माजी पोलीस आणि दारूच्या दुकानाचा मालक. दुसरीकडे क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड. दोघंही अमेरिकेहून रेकॉर्ड आणायचे आणि दुसऱ्याकडे नसलेलं गाणं ज्याच्याकडे, गर्दी त्याच्याकडे. मग गुपित राखायचं कसं? कॉक्सन रेकॉर्डवरचं लेबलच खरवडून टाकायचा. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाच्या एका धुनेचं तर त्याने परस्पर ‘कॉक्सन हॉप’ असं बारसं करून टाकलं होतं.

दशक संपता संपता पंचाईत झाली. अमेरिकेला रॉक अँड रोलचं वेड लागलं आणि किंग्स्टनकरांना आवडणारं जुन्या धाटणीचं ऱ्हिदम अँड ब्लूज मिळेनासं झालं. दुकानातला माल संपला तर काय करायचं? घरी बनवायचा. सिस्टिमवाले वादकांना घेऊन स्टुडिओत शिरले आणि अमेरिकन गाण्यांची नक्कल करू लागले. मूळ गाण्यांत तो ‘आणि’ होताच, पण चिमूटभर. यांनी तो मूठभर टाकला. नक्कल फसली आणि त्या फसण्यातून एक नवं संगीत जन्माला आलं.

पण मुठीने मसाला टाकूनही भाजी बिघडू न देणारे हात आले कुठून? पुन्हा चकित व्हायची तयारी ठेवा. ते आले नन्सच्या शाळेतून. किंग्स्टनची अल्फा बॉइज स्कूल ही अनाथ आणि ‘वाया गेलेल्या’ मुलांसाठीची शाळा. तिथला बँड कडक शिस्तीचा. सिस्टर मेरी इग्नेशियस यांच्याकडे रेकॉर्डचा मोठा साठा होता आणि मुलांना त्या स्वतः ऐकवायच्या. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेल्या वादकांनी मुंबईतले जॅझ बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे. किंग्स्टनमध्ये ते काम अल्फाने केलं. 1964 साली जमलेल्या ‘स्काटलाइट्स’ या स्काच्या सर्वांत नावाजलेल्या ताफ्यातले टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघेही याच शाळेचे विद्यार्थी.

याच शाळेत ड्रमंडकडून ट्रॉम्बोन शिकलेला आणखी एक मुलगा होता, रिको रॉड्रिग्ज. ट्रॉम्बोन म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं ते लांबलचक पितळी वाद्य. रिकोचं नाव लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे, अगदी अनपेक्षित ठिकाणी.

6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाला. स्का हा त्या आनंदाचा ठेका. पण झेंडा बदलला म्हणून चूल पेटते का? खेड्यांतून तरुण किंग्स्टनला लोटले आणि कामाविना गल्ल्यांत उभे राहिले. त्यांना नाव पडलं ‘रूड बॉय’. हातात सुरा, अंगात ऐट. राजकीय पक्षांनी त्यांनाच हाताशी धरलं आणि 1966 साली पश्चिम किंग्स्टनमधल्या हिंसाचारामुळे आणीबाणी लावावी लागली.

आणि नेमका तेव्हाच ठेका मंदावला! धावणारा स्का चालू लागला आणि त्याचं नाव झालं रॉकस्टेडी. पितळी वाद्यं मागे सरली. इलेक्ट्रिक बास पुढे आला, मधे मधे जागा सोडत जड पावलं टाकू लागला. ड्रमवाल्याने तर कमालच केली: चार मात्रांतली पहिली रिकामी सोडून मुख्य ठोका तिसरीवर टाकला. आपल्याकडे सगळे फिरून समेवर येतात आणि समेला दाद मिळते. इथे समेवरच शांतता! ऐकणाऱ्याचं शरीर त्या रिकाम्या जागेत स्वतः पाऊल टाकतं. चाल संथ झाल्याने गायकाला शब्द नीट पोहोचवायलाही सवड मिळाली.

मग शब्द आले. 1967 च्या सुमारास किंग्स्टनच्या रेकॉर्डांवर चक्क एक खटला रंगला. डेरिक मॉर्गनच्या गाण्यात आरोपीच्या पिंजऱ्यातले रूड बॉय छाती काढून उभे राहतात आणि सुटतात. प्रिन्स बस्टरच्या गाण्यात ‘जज ड्रेड’ नावाचा न्यायाधीश त्यांना 400 वर्षांची सजा ठोठावतो. ली पेरीच्या गाण्यात वकील उठतो आणि म्हणतो, ही मुलं गरिबीमुळे अशी झाली, त्यांना सोडा. शेवटी बस्टरच आणखी एक गाणं काढून त्यांना माफी देतो. कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब, फक्त फडाऐवजी सात इंची तबकडीवर! गुन्हेगारी, शिक्षा, गरिबी यांवरची सार्वजनिक चर्चा लोक नाचता नाचता ऐकत होते.

आता समुद्र ओलांडू. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाच्या शोधात हजारो जमैकन ब्रिटनला गेले होते. 1961 साली रिकोही ट्रॉम्बोन घेऊन गेला. 1967 मध्ये लंडनमध्ये डँडी लिव्हिंगस्टनने रूडीला, म्हणजे त्याच रूड बॉयला, ‘बाबा रे, सुधार’ असं समजावणारं एक रॉकस्टेडी गाणं केलं. त्यातला ट्रॉम्बोन रिकोचा.

बारा वर्षांनी, 1979 साली, कॉव्हेंट्री या मोटार कारखान्यांच्या शहरात जेरी डॅमर्स नावाच्या तरुणाने ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. त्याचा जन्म कुठला म्हणाल? आपल्या उटीचा! त्याच्या ‘द स्पेशल्स’ या बँडमध्ये काळे आणि गोरे एकत्र वाजवत, आणि तेही नॅशनल फ्रंट हा वंशद्वेषी पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत असताना. कंपनीचं चिन्ह काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि एक सुटाबुटातला माणूस. तो बेतला होता जमैकन गायक पीटर टॉशच्या एका जुन्या छायाचित्रावरून. म्हणजे किंग्स्टनचा रूड बॉय कॉव्हेंट्रीत येऊन पोहोचला होता. स्पेशल्सने डँडीचं तेच गाणं नव्याने केलं. त्यात ट्रॉम्बोन कोणी वाजवला असेल?

रिको रॉड्रिग्जने. तेच गाणं, तोच माणूस.

1981 मध्ये स्पेशल्सचं ‘घोस्ट टाउन’ हे गाणं आलं. ब्रिटनमध्ये बेकार 25 लाखांवर गेलेले, कारखान्यांना कुलपं लागलेली. ‘आणि’ इथेही आहे, पण आता तो मोकळ्या पडलेल्या रस्त्यावर वाजणाऱ्या पावलांसारखा येतो, आणि त्यावर रिकोचा ट्रॉम्बोन हुंदका देतो. जुलैमध्ये लिव्हरपूल, मँचेस्टरपासून लंडनमधल्या साउथहॉलपर्यंत दंगली पेटल्या, त्याच महिन्यात हे गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, सलग तीन आठवडे. बातम्या आणि लोकप्रिय गाणं एकच गोष्ट सांगताहेत, असं किती वेळा घडतं?

1984 मध्ये डॅमर्सने मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारं गाणं केलं. विषय तुरुंगाचा, चाल मात्र सणाची. रडवण्यापेक्षा नाचवलं तर लोक मागणी तोंडपाठ करतात, ही किंग्स्टनची शिकवण. आणि डँडीच्या त्या जुन्या गाण्याचा प्रवासही थांबला नाही. 2014 साली दिल्लीच्या ‘स्का व्हेंजर्स’ या बँडने त्याच चालीवर भारतीय राजकारणावरचं गाणं रचलं.

तेव्हा आज एक करा. डँडीचं 1967 चं आणि स्पेशल्सचं 1979 चं, अशी दोन्ही गाणी पाठोपाठ लावा. टाळी ‘आणि’वर ठेवा आणि कान ट्रॉम्बोनकडे. अनाथ आणि वाया गेलेल्या म्हटलेल्या मुलांच्या शाळेत एक मुलगा जे वाद्य शिकला, ते तुम्हाला दोन्हीकडे ऐकू येईल.