पुन्हा तपासणी म्हणजे कर्करोगाचं निदान नव्हे

स्तनात गाठ, दुखणं किंवा स्राव जाणवला, मॅमोग्राफी (स्तनांचा क्ष-किरण) झाली आणि अहवालावर ‘बायरॅड्स ०’ आलं, की अनेकींना वाटतं, डॉक्टर काहीतरी लपवताहेत. तसं नसतं. बायरॅड्स ही अहवाल लिहिण्याची ० ते ६ अशी ठरलेली श्रेणी आहे. त्यात ‘०’चा अर्थ एवढाच, की या चित्रांवरून मत देता येत नाही, आणखी चित्रं हवीत. 

तरुण वयात स्तनाची ऊती बहुधा घट्ट असते. मॅमोग्राफीत ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. तांदळातला पांढरा खडा शोधताना आपण ताट उजेडाकडे वळवून पुन्हा पाहतो, तसंच हे. म्हणून पुढची चित्रं अनेकदा सोनोग्राफीची असतात; त्यात गाठ पाण्याची आहे की भरीव, हे कळतं.

नव्या चित्रांनंतर अहवालावर दुसरी श्रेणी येते. ‘३’ म्हणजे बहुधा निरुपद्रवी. कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसते. म्हणून सहसा ६ महिन्यांनी पुन्हा पाहतात. ‘४’ किंवा ‘५’ असेल तर बायॉप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) सुचवतात. तिच्यातही अनेक गाठी साध्या निघतात, विशेषतः ‘४’मध्ये.

वाट पाहण्याचे दिवस जड जातात, भीती वाटणं स्वाभाविक आहे. सोबत कुणाला तरी न्या, प्रश्न लिहून ठेवा, जुनी चित्रं जपा. तुलनेला तीच लागतात. मात्र नवी गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा त्वचेला खळी दिसली, तर आधीचा अहवाल चांगला असला तरी पुढच्या तारखेची वाट पाहू नका.