कोपऱ्यात गुलाबी, मधे ठीकठाक

पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर करडं आभाळ उतरलं की त्र्यंबकच्या रस्त्यावर कॅमेरेवाल्यांच्या गाड्या थांबायला लागतात. त्यातल्या एखाद्याने जुनी, मुठीत मावणारी वाइड लेन्स अडॅप्टर लावून नव्याकोऱ्या मिररलेस बॉडीवर चढवलेली असली, तर घरी स्क्रीनवर त्याला गंमत दिसते. मधलं आभाळ करडंच आहे, पण डावी कड गुलाबी आणि उजवी हिरवट. ढगांनी असा रंग धरलेलाच नव्हता! फोटोवाल्यांच्या भाषेत, कास्ट आलाय.

महागड्यांनाच आधी चटका

हा रोग स्वस्त कॅमेऱ्यांचा, असं वाटत असेल तर विसरा. लायकाने २००६मध्ये एम-८ हा आपला पहिला डिजिटल रेंजफाइंडर आणला. किंमत ऐकून घाम फुटावा असा कॅमेरा, आणि त्यात काळे सिंथेटिक कपडे जांभळे यायला लागले. नवरदेवाचा काळा सूट थेट वांगी रंगाचा! सेन्सरसमोरची काच इन्फ्रारेड प्रकाश पुरेसा अडवत नव्हती. मग कंपनीने ग्राहकांना तो अडवणारे दोन-दोन फिल्टर फुकट दिले. ते वाइड लेन्सवर चढवले तेव्हा सूट काळा झाला, पण फोटोचे कोपरे निळसर-हिरवे पडले. अशा फिल्टरमधून किरण तिरपा गेला, की इन्फ्रारेडसोबत थोडा लालही कापला जातो. लाल गेला की निळं-हिरवंच उरणार. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

यावरचा तोडगा मात्र झकास होता. लेन्सच्या मागच्या कडीवर सहा ठिपके, प्रत्येक काळा किंवा पांढरा. त्यांच्या ६४ जोडण्या होतात. कॅमेरा ते ठिपके वाचतो, लेन्स ओळखतो आणि तिच्यापुरते कोपरे दुरुस्त करतो. कंपनीकडे लेन्स पाठवून ठिपके करून घेण्याऐवजी हौशी मंडळींनी काळ्या मार्करने घरच्या घरी ते काढले, आणि चाललेही. लाखालाखाच्या लेन्सवर स्टेशनरीच्या दुकानातला मार्कर!

२००९मध्ये एम-९ आला. वेगळ्या फिल्टरची कटकट संपली, सेन्सर पूर्ण ३५ मिलिमीटर फिल्मएवढा झाला आणि भानगड कडांना सरकली. एका कडेला लाल, दुसरीकडे हिरवट, मधे पांढरं. फोटोवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘इटलीचा झेंडा’. त्र्यंबकच्या त्या करड्या आभाळावर उमटतो तो हाच.

चारचं ऊन

असं का होतं? सेन्सरवरचा एकेक पिक्सेल म्हणजे पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा चौक समजा. बाराचं ऊन सरळ फरशीवर उतरतं, चारचं मात्र भिंतीवरच अडतं. फोटोच्या मध्यावर कायम बारा वाजलेले असतात आणि कडेला कायम चार. लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या जितकं जवळ, तितके कडेचे किरण जास्त तिरपे.

नुसतं अडलं असतं तर कोपरे काळवंडले असते, एवढंच. पण इथे शेजारी वेगळ्या रंगाचे आहेत. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६मध्ये पेटंट मिळवलेल्या मांडणीत अर्धे पिक्सेल हिरव्या गाळणीखाली असतात, पाव लाल आणि पाव निळ्या. तिरपा आलेला लाल प्रकाश शेजारच्या हिरव्याच्या खात्यात जमा होतो आणि हिशेब बिघडतो. डावीकडून आणि उजवीकडून तो वेगवेगळा बिघडतो, म्हणून दोन कडांना दोन रंग.

फिल्मला चौकबिक काही नव्हतं. तिरपा प्रकाशही तिने निमूट घेतला. लुडविग बर्टेले यांची बिओगॉन ही १९५०च्या दशकातली गाजलेली वाइड लेन्स मागून जवळजवळ फिल्मला टेकायची, तरी कुणाची तक्रार नव्हती. आरशाच्या एसएलआरमध्ये तशी लेन्स बसणारच नाही, कारण मधे आरसा हलायला जागा लागते. म्हणून लेन्स लांब ठेवूनही वाइड दिसेल अशी उलटी रचना फ्रान्सच्या आँजेन्यूने १९५०मध्ये आणली. आकडेच पाहा: निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून फिल्म ४६.५ मिलिमीटर दूर, लायका एममध्ये २७.८ आणि निकॉनच्या नव्या झेडमध्ये फक्त १६. त्यामुळे डीएसएलआरवर हात बसलेल्या पिढीला हा कास्ट ठाऊकच नाही. मिररलेस घेतला, हौसेने जुनी लेन्स लावली, आणि मग दुकानदाराशी भांडण!

सोनीने २०१५च्या ए-७-आर-टूमध्ये सेन्सरमधल्या तारांचं जाळं प्रकाश टिपणाऱ्या थराच्या वरून काढून खाली नेलं. चौक उथळ झाला आणि रंगाचा त्रास बराच ओसरला. आणि खिशातला फोन? त्याची लेन्स तर सेन्सरपासून काही मिलिमीटरवर. तिथे कास्ट येतोच, फक्त फोटो दिसण्याआधीच फोन तो गुपचूप पुसून टाकतो.

त्र्यंबकचा तीन रंगांचा माणूस

तीन रंगांचा हा खेळ नाशिक जिल्ह्याला नवा नाही. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते, आणि त्याहून जास्त छपाईवाले. बडोद्याच्या कलाभवनात ते छपाईचे ब्लॉक करायला शिकले, राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कामं त्यांनी केली आणि १९०९मध्ये छपाईसाठीच थेट जर्मनी गाठली. तिरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन रंगांचे तीन ठसे एकावर एक बसवायचे. एक जरा सरकला की कडेला परकी रेघ उमटलीच. कारण वेगळं, पण रंगाने शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचं दुखणं तेच. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, अर्थात कृष्णधवल. त्यात कास्टची भीतीच नव्हती!

कुठे दिसतो, कुठे लपतो

रंग नसलेल्या ठिकाणी कास्ट लगेच पकडला जातो. काळाराम मंदिराचा काळा पाषाण, पांडवलेण्यांच्या आतल्या करड्या भिंती आणि आपलं श्रावणातलं आभाळ, तिन्ही ठिकाणी तो चव्हाट्यावर येतो. लेण्यात तर मागे सरकायला जागा नसते, वाइड लावावीच लागते.

येवल्याच्या पैठणीवर मात्र तो बेमालूम लपतो. धूपछाँव पैठणीचा रंग बघायच्या कोनाप्रमाणे खरोखरच बदलतो, तेव्हा कडेचा गुलाबी विणकराचा की लेन्सचा, हे ओळखणार कोण? माझं मत विचाराल तर साडीच्या फोटोला वाइड लेन्स लावूच नये.

औषध: एक पांढरा तुकडा

व्हाइट बॅलन्स फिरवून हा कास्ट जात नाही. तो सगळ्या फोटोला एकच मात्रा देतो, इथे कोपऱ्या-कोपऱ्याचा आजार वेगळा. दुधी अॅक्रिलिकचा तुकडा लेन्सला अगदी चिकटवून धरा, एकसारख्या उजेडाकडे रोखा आणि एक फ्रेम काढा. त्या फ्रेममध्ये नुसता कास्टच उतरतो. मग सॉफ्टवेअर तेवढाच खऱ्या फोटोतून काढून टाकतं. कॅप्चर वनमध्ये याला एलसीसी म्हणतात, लाइटरूममध्ये फ्लॅट-फील्ड करेक्शन. कोपरे काळवंडले असतील तर तेही उजळतात, सेन्सरवरचे धुळीचे ठिपकेही निघू शकतात. आकाशनिरीक्षक हेच काम दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून करतात.

अटी दोनच. फोटो रॉमध्ये हवा. आणि पांढऱ्या फ्रेमला लेन्स, अॅपर्चर, फोकस खऱ्या फोटोचंच हवं. लेन्स वर-खाली सरकवणारा शिफ्टचा कॅमेरा असेल, तर प्रत्येक सरकवण्याला नवी पांढरी फ्रेम.

२०२७च्या सिंहस्थाला रामकुंडावर जुनी वाइड लेन्स घेऊन जायचा बेत असेल, तर त्या गर्दीत प्लास्टिकचा तुकडा धरत बसायला कुणी जागा देणार नाही. नेहमीच्या दोन-चार अॅपर्चरच्या पांढऱ्या फ्रेम घरच्या गच्चीवर आधीच काढून ठेवा.