शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. एका पातेल्यातली शिते सारखीच शिजतात, म्हणून भाताला ते ठीक आहे. पण हाच नियम थराथरांच्या धातूला लावला, तर फसगत व्हायची!

लोहार कोयता घडवताना मऊ लोखंडाला पोलादाची धार जोडतो. पोलाद धार धरते, लोखंड धक्का सोसते. जोडीची हीच युक्ती विमानातही आहे. एअरबस ए-३८० हे दुमजली विमान २००५ साली प्रथम उडाले. त्याच्या धडाच्या वरच्या भागात ‘ग्लेअर’ नावाचा पत्रा वापरला आहे. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मधे काचतंतूंचे थर, असे ते चिकटवलेले असतात. ॲल्युमिनियमला चीर पडली, तरी काचतंतू तिला पुढे धावू देत नाहीत.

आता हा पत्रा किती ताण सोसेल, हे कसे पाहायचे? लहान पट्टी कापून यंत्रात ओढतात. पण इथे दोन अडचणी येतात.

पहिली गुरुजींनी शाळेत करून दाखवावी. एकाच रिळाच्या दोऱ्याचे वीतभर वीस आणि चार हात लांबीचे वीस तुकडे घ्या. एकेक तुकडा तुळईला बांधून खाली डबा टांगा, हळूहळू वाळू भरा आणि दोरा तुटला की वाळू तोला. सरासरी काढलीत, तर लांब दोरे बहुधा कमी वजनाला तुटलेले दिसतील. दोरा तुटतो तो सर्वांत कच्च्या जागी. आणि तो जितका लांब, तितका अशी जागा असण्याचा संभव अधिक. म्हणजे लहान नमुना मोठ्यापेक्षा बळकट भासतो.

दुसरी अडचण नेमकी उलटी. पट्टी ओढली की ती रुंदीला आखडते. पण ॲल्युमिनियम आणि काचतंतूंचे थर सारखे आखडत नाहीत. त्यामुळे कापलेल्या कडेशी थर सुटू पाहतात. ही ओढाताण कडेलगत साधारण पत्र्याच्या जाडीइतक्याच भागात असते. अरुंद पट्टीत अशा कडेचा वाटा मोठा, रुंद पत्र्यात अगदी थोडा. इथे लहान नमुनाच कच्चा भासतो!

मग खरे बळ कोणते? ते एका पट्टीवरून ठरत नाही. म्हणून अभियंते आधी लहान पट्ट्या, मग मोठे पत्रे आणि शेवटी धडाचा सबंध भाग, अशा चढत्या क्रमाने परीक्षा घेतात. आत शेकडो माणसे बसायची असतात ना!

शेतातली माती तपासायला देताना आपण एकाच कोपऱ्यातली मूठ देत नाही, ठिकठिकाणची देतो. तसेच हे. शीत जरूर पाहावे, पण पातेले विसरू नये.