‘नॅचरल ठेवा’ म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

मी लग्नाच्या फोटोंवर पीएचडी करते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, “आमच्याकडे मे महिन्यात कार्य आहे, येशील का फोटो काढायला?” तुम्ही विषयाच्या शोधात असाल तर एवढं लक्षात ठेवा, लोक हसले म्हणून विषय वाईट ठरत नाही. पण ‘लग्नाच्या फोटोग्राफीतील प्रकाशयोजना आणि संपादनशैली’ हा फक्त विषय झाला, प्रश्न नाही. माझ्या गाइड मॅडमनी पहिली सिनॉप्सिस परत दिली तेव्हा समासात एकच ओळ होती : “यात न कळलेलं काय आहे?” त्या ओळीच्या मागे माझे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत काय झालं ते आज सांगते.

मीरा-भाईंदर मी निवडलं ते घराजवळ म्हणून, हे कबूल करते. नंतर कळलं की पद्धतीच्या दृष्टीनेही ते सोयीचं आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर चर्चमधली लग्नं आणि त्याआधी ईस्ट इंडियन घरांतला उंबराच्या पाण्याचा विधी, भाईंदर पश्चिमेला गुजराती-मारवाडी कुटुंबांचे फेरे, मीरा रोडला निकाह, आणि सगळीकडे विखुरलेली आपली अंतरपाट-अक्षतांची लग्नं. सीझनमध्ये तोच फोटोग्राफर तोच कॅमेरा आणि तेच दोन फ्लॅश घेऊन या सगळ्यांकडे जातो. म्हणजे यंत्र तेच, हात तेच. बदलतो तो चेहरा, कपडा आणि हॉल. अशी तुलना एरवी मुद्दाम घडवून आणावी लागते.

आता आधी प्रकाशाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आईबाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवा. एक पोरगा सनगन धरून उभा, नवरा-नवरी डोळे मिचकावतायत आणि मागचा मांडव काळोखात. ती काही कोणाची शैली नव्हती. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. जोडपं दिव्यापासून दीड मीटरवर आणि मावशी तीन मीटरवर असेल, तर मावशीच्या वाट्याला पाव उजेड. आज तोच दिवा जोडप्याच्या मागे ठेवतात. केसांना सोनेरी कड येते, उडणाऱ्या अक्षता चमकतात, आणि त्याला क्रिएटिव्ह लायटिंग म्हणतात.

कॅमेऱ्याची स्वतःचीही समजूत असते. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे, साधारण 18 टक्के प्रकाश परतवतं, असं मीटर धरून चालतो. चर्चमध्ये पांढरा गाऊन फ्रेमभर आला की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि नवरीचा सावळा चेहरा आणखी काळवंडतो. हळदीत दुसरीच गंमत. साडी, झेंडू, पडदा, गाल सगळं पिवळं. ऑटो व्हाइट बॅलन्सला तो दिव्याचा पिवळेपणा वाटतो, तो निळा मिसळतो आणि हळद मातकट दिसते. हॉलमधले जांभळे-निळे एलईडी तर सगळ्यात वाईट. त्या उजेडात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, आणि जे सेन्सरपर्यंत पोचलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. मग फोटोग्राफर तो फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करतो. अल्बममधला एखादा काळा-पांढरा फोटो बघून तुम्ही हळवे झाला असाल, तर शक्यता आहे की तो डीजेच्या दिव्यांतून वाचवलेला असेल!

शैली कुठे संपते आणि नाइलाज कुठे सुरू होतो, हे फोटो नुसता बघून कळत नाही. म्हणून मी मुलाखती घ्यायचं ठरवलं. “तुमची एडिटिंगची स्टाइल कोणती?” फोटोग्राफर म्हणाले, नॅचरल. नवऱ्या म्हणाल्या, नॅचरल. एका नवरीची आई म्हणाली, “नॅचरलच ठेवा, फक्त जरा फ्रेश.” मी सगळं ट्रान्स्क्राइब केलं, कोडिंग केलं, आणि हातात आला ‘नॅचरल’चा एक भलामोठा ढीग. मॅडम म्हणाल्या, “सगळे एकच शब्द वापरतात म्हणजे एकतर सगळ्यांचं एकमत आहे, नाहीतर त्या शब्दाला अर्थच उरलेला नाही. यातलं कोणतं, ते मुलाखत कशी सांगणार?”

खरं होतं. माणसं काय म्हणतात आणि काय करतात यांतली फट दिसायची असेल तर करण्याचा माग हवा. तो मला भाईंदर पश्चिमेच्या एका गाळ्यात मिळाला. तिथे एक एडिटर दादा बसतात. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात, दादा रंग करतात, करिझ्मा अल्बमची पानं लावतात. बाजूच्या टेबलावर व्हिडिओचं मिक्सिंग चालू असतं. “ताई, विचारून काय कळणार, मागे बसा आणि बघा,” ते म्हणाले. मी बसले.

लाइटरूम मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. केलेले बदल ते सूचना म्हणून वेगळे ठेवतं आणि सांगितलं तर एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहून देतं. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. कुठला स्लायडर किती सरकवला याचे आकडे त्यात ओळीने दिसतात. मुलाखतीत कोणी बोलणार नाही ते तिथे लिहिलेलं असतं. आता गोऱ्यापासून काळ्यापर्यंत माणसाची त्वचा सॉफ्टवेअरच्या रंगचक्रात बहुतेक नारंगी पट्ट्यात येते. नारंगीची उजळता वाढवली की चेहरा उजळतो, हिरवा शालू जागच्या जागी राहतो. दादांचा एक प्रीसेट होता, त्याचं नावच ‘नॅचरल’. मी फाइल उघडली. नारंगीची उजळता वीसच्या पुढे. आणि प्रीसेट तर कोणाचाही चेहरा बघण्याआधीच तयार असतो!

मला घबाड सापडल्यासारखं झालं. एका रात्रीत प्रकरण लिहून काढलं. संदर्भही अगदी चपखल बसत होते. चित्रपटातली प्रकाशयोजना गोरा चेहरा गृहीत धरून घडत गेली, हे रिचर्ड डायरने ‘व्हाइट’ या 1997च्या पुस्तकात मांडलंय. कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’वर प्रिंटचे रंग जुळवले जायचे, त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाईच असायची, त्याबद्दल लोर्ना रॉथ यांचा 2009चा लेख आहे. त्यातला मला न विसरता येणारा तपशील म्हणजे, गडद रंग नीट येत नाहीत ही तक्रार फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी केली तेव्हा कंपनीने लक्ष घातलं. शेवटी मी आपल्याकडची फेअर अँड लव्हली आणली, 1975चा जन्म आणि 2020चं नामांतर. निष्कर्ष तयार होता : तोंडाने नॅचरल, हाताने गोरेपण.

मॅडमनी पुन्हा समासात एकच प्रश्न लिहिला. “कशाच्या तुलनेत उजळ?”

मी रॉ फाइललाच खरा चेहरा धरून चालले होते. पण गाऊनमुळे मीटरने आधीच चेहरा काळवंडवला असेल, तर तेच वीस त्याला मूळ जागी आणून ठेवतात. मेकअप रूममधल्या भरपूर उजेडात काढलेल्या फोटोवर मात्र तेच वीस चेहरा गोरा करतात. आकडा तोच, अर्थ उलटे. मागावर विश्वास ठेवा, पण माग कशाच्या सापेक्ष मोजलाय हे आधी बघा. मी ते पाहिलंच नव्हतं.

मग उसनं मागून कलरचेकर आणलं. 1976 मध्ये आलेलं, 24 रंगीत चौकोनांचं हे कार्ड. त्यातले पहिले दोन चौकोन गडद आणि उजळ त्वचेचे आहेत, आणि प्रत्येक चौकोनाचा रंग किती असायला हवा ते छापील मिळतं. परवानगी घेऊन, विधी सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक उजेडात नवरीच्या गालाशेजारी कार्ड धरून एक फ्रेम काढायची. मग त्याच फ्रेमवर दादांचा प्रीसेट लावायचा. गडद चौकोन आपल्या आकड्यापाशी थांबला तर ती दुरुस्ती. त्याच्याही पुढे गेला तर ती आवड, आणि ती कोणाची हा खरा प्रश्न. माझ्या आजच्या सिनॉप्सिसमध्ये तोच आहे. चर्चमधल्या पहिल्या काही फ्रेम दुरुस्तीच्या बाजूला पडल्या, हॉलमधल्या नाही. इतक्या थोड्या लग्नांवर मी याहून जास्त बोलणार नाही.

क्रिस्तोफर पिनीचं ‘कॅमेरा इंडिका’ मी आधी वाचलं होतं, पण ते आता कळलं. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंत त्याला असे गिऱ्हाईक भेटले ज्यांना आपण आहोत तसे नव्हे, आहोत त्यापेक्षा चांगले फोटोत यायचं होतं. त्याने त्याला फसवणूक म्हटलं नाही. मी माझ्या त्या एका रात्रीच्या प्रकरणात जवळपास तसंच म्हटलं होतं.

मोजमाप पक्कं झाल्यावर मी एका नवरीला तिचे दोन फोटो लॅपटॉपवर शेजारी-शेजारी दाखवले, एक कार्डाशी जुळवलेला आणि एक अल्बममधला. (तिने लिहायला होकार दिलाय; ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) ती बराच वेळ बघत राहिली. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली, “ही मी.” मग म्हणाली, “पण अल्बम सासरी राहणार आहे ना, ताई.” तिची आई पाठीमागून म्हणाली, “अगं, दोन्हीत छान दिसतेस,” आणि आत चहा टाकायला गेली. हे कुठल्या कोडखाली टाकायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिने तो पहिला फोटो मागितला तेव्हा मला दुसरी चूक दिसली. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. इथे ऑर्डर वडिलांची. फाइल फोटोग्राफरकडे. माझ्या संमतीपत्रावर सही मात्र फक्त तिची, आणि त्यात ‘तुमचा चेहरा किती बदलला हे मोजून तुम्हाला दाखवलं जाऊ शकतं’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. दाखवल्यावर ते पुसता येत नाही. ते वाक्य मी आता फॉर्मवर पहिल्याच परिच्छेदात घातलंय, आणि ते वाचून दोघींनी भाग घ्यायला नकार दिला. फोटोग्राफरना आणि तिच्या वडिलांना विचारून तिला तो फोटो पाठवला. दादांनी प्रीसेटचं नाव मात्र बदललेलं नाही.